एक बटण, तीन वर्षं

माझ्या मुलीला एक बटण लावायला शिकायला तीन वर्षं लागली. शिवणकाम हाच माझा धंदा, म्हणून मोठं, चपटं, बोटांत नीट धरता येईल असं बटण शोधून मी तिच्या प्रत्येक झग्याला लावलं. काजं मुद्दाम सैल ठेवली. तिने ते लावलं की घरातले आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. मग ती हसते आणि काढून पुन्हा लावते. वय वर्षं पंधरा. आम्ही तिला बबडी म्हणतो.

तिच्या आजाराचं नाव इतकं लांबलचक आहे, की सांगून होईपर्यंत समोरच्याचं लक्ष उडतं. जन्माआधीच एका जनुकात झालेली बारीकशी चूक. समज तीन-चार वर्षांच्या मुलाएवढी, आणि वरून झटके. हे जन्मभराचं आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण सरकारला ते दर तीन वर्षांनी नव्याने पटवून द्यावं लागतं. अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘गंभीर’ लिहिलेलं असेल, तरच अशा मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात तिची जागा राहते. जागा गेली की मी घरी तिच्यापाशी आणि मशीन झाकलेलं.

तपासणीच्या दिवशी मी तिला नवा निळा झगा घातला. चार लोकांत जायचं म्हणून. अक्कल गहाण ठेवली होती मी.

टेबलामागच्या डॉक्टरांपुढे मी फाइल ठेवली. जनुकाचा अहवाल, झटक्यांची वही, सगळं होतं त्यात. त्यांनी एक पानही उलटलं नाही.

“शेवटचा झटका कधी?”

“परवा. दोनदा.”

“आत्ता तर छान दिसतेय. स्वतःचे कपडे घालते का?”

मी ‘नाही’ म्हणणार, तोवर बबडीने गळ्याजवळचं बटण काढलं आणि जीभ बाहेर काढून, घामाघूम होत, परत लावलं. सवयीने मी टाळ्या वाजवल्या.

“अरे वा!” म्हणत डॉक्टरांनी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं: स्वतः कपडे घालते. मध्यम.

“साहेब, एवढं एकच जमतं तिला! झगा मी घालते, आंघोळ मी घालते, घास मी भरवते...”

“ताई, सुधारणा आहे, तर आनंद माना की.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तीन वर्षांनी जनुक बदलतं का, ते आधी सांगा मला!”

त्यांनी घंटी वाजवून पुढचा नंबर बोलावला.

बाहेर कारकूनबाईंनी माझ्या हातात अपिलाचा कागद दिला. “महिन्याभराने पुन्हा बोलावतील,” त्या हळूच म्हणाल्या. “तेव्हा तिला काही करू देऊ नका हो. आणि तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्यात?”

बाई भल्याचंच सांगत होत्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला. महिन्याभरात पोरीला बटण विसरायला शिकवायचं! त्याला तीन वर्षं लागली नसती. टाळ्या बंद केल्या की झालं.

बाकावर बसल्या बसल्या बबडीने बटण काढलं, लावलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी हात मांडीखाली दाबून धरले. तिने पुन्हा काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मी अपिलाचा कागद दातांत धरला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात, की डॉक्टर दार उघडून बाहेर आले.

मी कागद तोंडातून काढला.

“हेही लिहा,” मी म्हटलं, आणि पुन्हा वाजवल्या.