खुर्चीवरून मोजलेली वाट

मित्रांनो, मी थकलो आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज खाली गेला तर तुम्ही रागावणार नाही. मी एक जुना जीपीएस रिसीव्हर आहे. रंगाने करडा, आकाराने धुण्याच्या साबणाच्या वडीएवढा. आकाशातल्या उपग्रहांचे इशारे ऐकायचे आणि मला हातात धरणारा माणूस पृथ्वीवर नेमका कुठे उभा आहे ते सांगायचे, एवढेच माझे काम. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ११ लिहिले आहे. म्हणून सगळे मला अकरा नंबर म्हणतात.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. एका बाईंनी माझ्या पडद्यावरची पातळ पट्टी सोलून काढली आणि मला पहिल्यांदा उजेड दिसला, तेवढे आठवते. मग आम्ही अठरा जण एका खोक्यातून विद्यापीठाच्या भूमाहिती विभागात आलो. इथे पदवी झालेली मुले नकाशे करायला शिकतात. कुठे काय आहे, एकापासून दुसरे किती लांब आहे, आणि ते तिथेच का आहे, हे आकड्यांमधून शोधतात.

सुरुवातीला आमचे कौतुक काय वर्णावे! भांडार सांभाळणारे काका आम्हाला मऊ फडक्याने पुसत. कोणी न्यायला आले की वहीत सही घेत आणि दम भरत, "हा हरवला, तर तुम्हीही परत येऊ नका." मुले हसत. मी विहिरी मोजल्या, झाडे मोजली, एका तळ्याला तर सात वेळा फेरी मारली. पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि कपाट कोणी उघडेनासे झाले. माझे भाऊबंद एकेक करून भंगारात गेले. मी का राहिलो, मला माहीत नाही. बहुधा मी फळीच्या मागे पडलो होतो.

तिथून मला बाहेर काढले ते ताईने.

ताईचे वय अडतीस. वर्गातली बाकीची मुले बावीस-तेवीस वर्षांची, म्हणून शिक्षकांसकट सगळे तिला ताईच म्हणत. इथे येण्याआधी बारा वर्षे ती डोंगरातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती. तिथल्या वरच्या वस्तीतली एक बाळंतीण वेळेत खाली पोहोचली नाही. ती गेली, बाळही गेले. चौकशीच्या कागदावर लिहिले होते, 'रुग्णवाहिका अर्ध्या तासाच्या अंतरावर उपलब्ध होती.' तो कागद वाचून ताईने नोकरी सोडली आणि अंतर कसे मोजतात ते शिकायला आली.

तिच्या प्रबंधाचा प्रश्न सरळ होता. त्या खोऱ्यात रुग्णवाहिका कुठे उभी असावी? तयार माहितीत रस्त्यांच्या रेघा होत्या. तिने त्या संगणकात भरल्या, वस्त्या भरल्या, हिशोब चालवला. उत्तर आले : खालचा चौक. म्हणजे रुग्णवाहिका आधीपासून उभी होती तीच जागा. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या.

"छान जमलंय. आता लिहायला बस. परीक्षेला चार महिने राहिलेत."

"मॅडम, ही वरची रेघ रस्ता नाहीये. पायवाट आहे. तिथून गाडी जात नाही."

"कशावरून?"

"मी चाललेय ना."

"तू चाललीस ते तुला माहीत. परीक्षकाला काय दाखवशील?"

म्हणून ती भांडारात आली. डोंगरात फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, तिला असे काहीतरी हवे होते जे सेल बदलले की पुन्हा चालेल. काकांनी शोधाशोध केली, मला फळीमागून ओढले, फुंकर मारली आणि म्हणाले, "म्हातारा आहे. पण चालेल."

तिच्या वडिलांनाही मी असाच म्हातारा वाटलो असेन. ते निवृत्त पोस्टमन. त्याच वस्त्यांवर त्यांनी तीस वर्षे टपाल वाटले होते. उजवा गुडघा कामातून गेलेला, तरी म्हणाले, "वाटा मला विचार. त्या डबीला काय कळतंय?" डबी म्हणजे मी. मला जरा लागले.

आम्ही नऊ दिवस चाललो. बाबा पुढे, ताई मागे, मी तिच्या खांद्याच्या पट्ट्याला. प्रत्येक वाटेला बाबांनी स्वतःच ठेवलेले नाव होते. एक 'उलटी वाट', एक 'सासूचा चढ'. ताई ती नावे वहीत लिहून घेई.

"हसतेस काय? तुझ्या आईसमोर कधी म्हटलं नव्हतं हे नाव."

"आता नकाशावरच येणार आहे, बाबा."

संध्याकाळी दोघे कुणाच्या तरी ओसरीवर बसत. ती त्यांच्या गुडघ्याला तेल लावी.

सहाव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. मित्रांनो, ही गोष्ट सांगायला मला आजही जड जाते. ओढ्याच्या घळीत दोन्हीकडे उभे कडे आहेत. तिथे आकाशाची फक्त एक चीर दिसते. मला पुरेसे उपग्रह ऐकू येईनात. खरे तर मी गप्प बसायला हवे होते. पण मी अंदाजाने जागा सांगत राहिलो, आणि साठ मीटर चुकलो. माझ्या नोंदीत वाट ओढा ओलांडून पलीकडे गेली, जणू तिथे पूल आहे.

नवव्या दिवशी रात्रीच्या मुक्कामाआधी ताईने लॅपटॉपवर सगळ्या वाटा मांडल्या. बाबा शेजारी वाकून बघत होते.

"हे काय? आपण ओढा ओलांडलाच नाही."

"अकरा नंबर म्हणतोय ओलांडला."

"अकरा नंबरला म्हणावं, पाय ओले दाखव."

ताई हसली नाही. तिने ती रेघ मोठी करून पाहिली. मग म्हणाली, "उद्या परत जावं लागेल. तुम्ही थांबा, मी एकटी जाते."

"त्या घळीत दोन वाटा फुटतात. तू चुकशील."

दुसऱ्या दिवशी दोघेही गेले. ताईने या वेळी घळीच्या दोन्ही तोंडांशी मला मोकळ्या आकाशाखाली दगडावर ठेवले, वीस-वीस मिनिटे, आणि मधले अंतर दोरीने मोजले. काम नीट झाले. परत वर चढलो, आणि वरच्या वस्तीच्या अलीकडे बाबांचा गुडघा वळला. ते खाली बसले ते उठेचनात. चेहरा पांढराफटक.

वस्तीतली माणसे धावत आली. त्यांना काही सांगावे लागले नाही. एका लाकडी खुर्चीला त्यांनी दोन लांब दांडे बांधले, बाबांना तिच्यात बसवले, चादरीने कमरेशी आवळले आणि चौघांनी खांद्यावर घेतले. आजाऱ्याला खाली न्यायची तिथली तीच रीत होती. ताईने मला पट्ट्यातून काढले आणि बंद करायला बटणावर अंगठा ठेवला.

खुर्चीतून बाबा ओरडले, "चालूय ना तो? बंद करू नकोस!"

"बाबा, आता कसलं मोजायचं?"

"आत्ताच मोजायचं! इतके दिवस मोकळ्या हातांनी चालून काय मोजलंस? माणूस उचलून किती वेळ लागतो ते बघ की."

ताई रडत रडत मागून चालली. मी चालू होतो. निसरड्या जागी खुर्ची थांबे, खांदेकरी बदलत, पुन्हा निघत. मी दर दहा सेकंदांनी जागा आणि वेळ लिहीत होतो. इतक्या काळजीने मी आयुष्यात दुसरे काही लिहिले नसेल. गाडीरस्त्याला पाय लागले तेव्हा एक तास बावन्न मिनिटे झाली होती. खालच्या चौकातून रुग्णवाहिका यायला आणखी पंचवीस.

मॅडमनी ती नोंद पाहिली, चष्मा काढून डोळे चोळले. "एकाच फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही, ताई. अजून फेऱ्या लागतील. म्हणजे ही परीक्षा हुकणार."

"हुकू दे."

वर्गातली मुले पास होऊन नोकऱ्यांना लागली. ताई मात्र डोंगरात. वस्तीतल्या माणसांनी खुर्चीत दगडांची पोती बांधून वेगवेगळ्या वाटांनी चौदा वेळा ती खाली आणली. एक आजोबा म्हणायचे, "दगडांची तब्येत आता ठणठणीत झाली असेल." मी चौदाही वेळा बरोबर होतो. नव्याने केलेल्या हिशोबात उत्तर बदलले. सात वस्त्यांसाठी रुग्णवाहिका खिंडीतल्या बंद पडलेल्या शाळेपाशी हवी होती. तिथपर्यंत गाडी जात होती, आणि खुर्ची पस्तीस ते पन्नास मिनिटांत पोहोचत होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "उपग्रहाची चित्रं असताना इतकं चालण्याची गरज होती का?"

ताई म्हणाली, "सर, चित्रात वाट दिसते. खांदे दिसत नाहीत."

आरोग्य खात्याने नकाशा ठेवून घेतला. सात महिने काही हलले नाही. ताई अर्ज करत राहिली, बाबा काठी टेकत तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसत राहिले. अखेर रुग्णवाहिका खिंडीत उभी राहू लागली, तीही आठवड्यातले चारच दिवस. चार तर चार.

एका दुपारी ताई भांडारात मला परत करायला आली होती. तिचा फोन वाजला. तिने ऐकले, "किती वेळ लागला?" एवढेच विचारले आणि खुर्चीवर बसली.

"काय झालं?" काकांनी घाबरून विचारले.

"वरच्या वस्तीतली बाळंतीण. पोचली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मग तिने वहीवर डोके टेकले आणि तशीच झोपली. दोन वर्षांची झोप होती ती. काकांनी पंखा लावला आणि दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून परत पाठवले.

त्यानंतर काका निवृत्त झाले. नव्या माणसाने मला सेलसकट कपाटात टाकले. सेल पाझरले, आतली स्प्रिंग खाल्ली गेली. आता मी सुरू होत नाही. ताई याच विभागात शिकवते, कधी कपाट उघडून मला हातात घेते, पुसते आणि ठेवून देते. बाबांचा गुडघा काही सुधारला नाही, आणि त्यात माझा वाटा आहे हे मला माहीत आहे.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. काम झाले की आमच्या पोटातले सेल काढून ठेवा, आम्ही आणखी काही वर्षे चालू. नीट ऐकू येत नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका, माझ्यासारखे. आणि कोणी लांबून चालत तुमच्या दारी आले, तर किती अंतर झाले हे लगेच विचारू नका. आधी त्यांना बसू द्या.