सुटा फुगा

नेरूळच्या गावठाणात घरापुढं मांडव घातला होता आणि भाविका माडीवर टॅब घेऊन स्क्रीनवरचे फुगे ओढत बसली होती. नवरदेव केतनची सख्खी बहीण, हळदीचा दिवस, आणि कामाला हात म्हणून नाही! पण तिला कोणी बोलत नव्हतं, कारण या लग्नात धवला तीच गाणार होती.

धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं, पण नुसतं गाणं नव्हे, ते आवतण असतं. जिवंत माणसांना पत्रिका जाते. देवांना, खाडीला, झाडांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना धवलारीण एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून बोलावते. गावची धवलारीण गोजरा आता आवाजानं थकली होती. तिनं भाविकाला हौसेनं शिकवलं आणि परवा सरळ सांगून टाकलं की केतनच्या हळदीला तू गा, मी मागं बसते.

तेव्हापासून भाविकाची झोप उडाली. धवला काही सरळ रेषेत जात नाही. खाडीचं गाताना मिठागर निघतं, मिठागरातून आजोबा निघतात. मग वाशीच्या ऑफिसात ज्या ॲपवर ती मीटिंगमधल्या मुद्द्यांचे नकाशे काढायची, त्याच्यावरच तिनं धवला मांडला. मधोमध मांडव, त्याला फांद्या, फांद्यांना नावांचे फुगे. एक फुगा ओढला की त्याची सगळी पिलावळ मागून सरकायची. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात डोळे जड झाले की तिला वाटायचं, फुगे स्क्रीन सोडून माडीभर तरंगताहेत आणि प्रत्येकात कोणीतरी बोलावण्याची वाट बघत बसलंय. त्या माणसांत तिला फार बरं वाटायचं.

सत्यभामाकाकी चहा घेऊन आली आणि टॅबवर वाकली. हे काय गो, जाळं विणलंस काय, म्हणून हसली. भाविकानं कौतुकानं एकेक नाव वाचून दाखवलं आणि वाचता वाचता जीभ चावली. ‘गेलेले’ या फांदीला तिनं सितारामकाका लावला होता.

सिताराम म्हणजे काकीचा नवरा. भाविका शाळेत होती तेव्हा तो होडी घेऊन खाडीत गेला. होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. काकीनं कुंकू पुसलं नाही, त्याचे दिवस घालू दिले नाहीत, आणि तिच्यासमोर त्याला ‘गेला’ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. अन् या शहाणीनं एका बोटानं त्याला तिथं नेऊन बसवलं! भाविकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं घाईघाईनं तो फुगा फांदीवरून तोडला. तो कशालाच न चिकटता कोपऱ्यात तरंगत राहिला.

काकी रागावली नाही. कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, इथं असला तर गाण्यात येतो का? भाविकानं नाही म्हणून मान हलवली. आणि जिवंतांची फांदी कुठंय? त्यांना पत्रिका गेल्या, काकी, त्यांची फांदी नसते, भाविका म्हणाली.

“म्हंजे त्याला आवतनच नाय,” काकी म्हणाली. “येवढी लग्नं झाली घरात, एकाला पन त्याला कोनी बोलवला नाय. मीच आडवी आले.”

एवढं बोलून ती रिकामी कपबशी उचलून खाली गेली. नाव घ्यायचं की नाही ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायचा भाविकाला धीर झाला नाही.

संध्याकाळी मांडवात हळदीचा वास दाटला. भाविकानं टॅब घरातच ठेवला आणि डोळे मिटले. फुगे आपसूक एकामागून एक खाली उतरू लागले. देव आले, खाडी आली, मिठागर आलं, आजोबा आले. गेलेल्यांची नावं सरली आणि कोपऱ्यातला तो सुटा फुगा तेवढा उरला. तिचा आवाज थांबला. मागून गोजरानं तिला ढोसलं.

“थांबू नको,” बायकांतून काकीचा आवाज आला. “त्याचा पन नाव घे. मेला म्हनून नाय. लांब हाय म्हनून.”

भाविकानं सितारामाला बोलावलं, खाडीच्या चालीवर, लांब सूर धरून. गोजराही थकल्या गळ्यानं तिच्यात मिसळली. सगळा मांडव काकीकडे बघत होता. काकी कोणाकडे बघत नव्हती. ती चटईवर जरा सरकली आणि तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.