ट्रकचं दावं

मनकर्णाबाईंना अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं, पण हिशेबात त्यांना कुणी गंडवलं असं अख्ख्या कर्जत तालुक्यात ऐकिवात नव्हतं. नवरा गेल्यावर त्याच्या पाच बैलगाड्या त्यांनी एक दिवसही उभ्या राहू दिल्या नव्हत्या. कर्जतच्या गोदामातलं सरकारी धान्य नगरला पोचवायचा मक्ता गेली चार वर्षं त्यांच्याकडे होता. पाच गाडीवानांची घरं त्यावर चालत. गाड्यांना नगर गाठायला तीन दिवस लागायचे आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

शेहेचाळीस सालची दिवाळी सरली आणि कचेरीतून निरोप आला. आता माल एका दिवसात पोचला पाहिजे. ज्याच्याकडे ट्रक, त्याला मक्ता. एक डिसेंबरला ट्रक कचेरीसमोर उभा करायचा, नाहीतर मक्ता दुसऱ्याच्या नावावर.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. नगरजवळच्या एका लष्करी डेपोत जुने ट्रक लिलावात निघत होते. मनकर्णाबाईंनी घरातलं सोनं आणि गाठीचा पैसा मिळून साडेतीन हजार रुपये उभे केले. लिलावाच्या अटी इंग्रजीत होत्या, म्हणून त्यांनी मिशन शाळेतल्या मास्तरांच्या योसेफला सोबत घेतलं. योसेफ पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला होता आणि नोकरीच्या पत्राची वाट बघत घरी बसला होता. दुसरा सोबती भीमा. हा त्यांच्याच गावचा, चार वर्षं फौजेत ट्रक चालवून आलेला. ट्रक मिळाला तर चालवणार तोच होता.

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायची मुभा होती. इंजिन चालू करायला बंदी होती, पण हँडल मारायला कुणी हरकत घेत नव्हतं. भीमा एकेका ट्रकचं हँडल अगदी सावकाश फिरवी. सहा सिलिंडरचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत सहा वेळा हाताला जोर लागायला हवा. योसेफ शेजारी उभा राहून मोजत होता. कुठे चारदाच जोर लागला, कुठे तीनदा. अकरा नंबरच्या ट्रकला साही वेळा सारखा लागला. सतरा नंबरला पाचदा चांगला आणि एकदा जरा सैल. बाकीचे ट्रक त्यांनी सोडून दिले.

मग तिघं कुंपणाजवळच्या लिंबाखाली बसले आणि योसेफने वही उघडली. कागद करण्याचे आणि परवान्याचे साठ, कर आणि विमा मिळून शंभर, कर्जतपर्यंतच्या पेट्रोलचे चाळीस. एकूण दोनशे. साडेतीन हजारांतून दोनशे गेले, म्हणजे तेहेतीसशेपर्यंत बोली लावायला हरकत नाही, असं त्याने सांगितलं. आकडेमोड त्याने दोनदा तपासली होती.

मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं. कमरेची सुतळी सोडून मांडीवर घेतली.

"लेकरा, तू कदी बैल घेतलाय का?"

योसेफने नाही म्हटलं.

"मग तुजी चूक न्हाई. बैल इकणारा बैल देतो, दावं देत न्हाई. दावं सोडून घेतो आन् घरी नेतो. दावं दिलं तर गोठा बसतो, रिकामा हुतो, म्हंत्यात. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं घिऊन बाजाराला जायाचं. मला येवढंच सांग, लष्कर आपलं दावं कोंचं ठेवून घेतंय?"

योसेफला प्रश्नच कळला नाही. भीमाला मात्र कळला. तो म्हणाला, फौजेत ट्रक कुठंही जावो, बॅटरी, जादा चाक, जॅक, पान्यांची पेटी आणि ताडपत्री हे सगळं भांडारवाल्याच्या नावावर असतं. ट्रक हातातून गेला तरी भांडारवाला ते सोडायचा नाही.

योसेफने अटींचं पुस्तक पुन्हा काढलं. नवव्या कलमात, बारीक टाइपात, ते होतं. गाडीच्या सांगाड्याला कायमची जोडलेली नाही अशी कोणतीही वस्तू विक्रीत धरलेली नाही. काल रात्री त्याने हे कलम वाचलं होतं आणि वकिली भाषा म्हणून पुढे गेला होता. आता त्याचे कान गरम झाले. समोरच्या ट्रकवरचं जादा चाक तो सकाळपासून आपलं धरून चालला होता.

मनकर्णाबाईंनी त्याला बोल लावला नाही. त्यांनी सुतळीला गाठी मारायला सुरुवात केली. त्यांची रीत उलटी होती. वस्तूची किंमत त्या आधी विचारातच घेत नसत. हातात पैसा किती ते धरायचं, आणि ट्रकने पहिला रुपया मिळवून घरात आणेपर्यंत जे जे खर्च करावं लागेल ते एकेक करून काढून ठेवायचं. खाली जे उरेल ती बोली.

गाठी पडत गेल्या तशी योसेफ वही भरत गेला. बॅटरी एकशेवीस. जादा टायर-ट्यूब अडीचशे, तेही मिळालं तर. जॅक आणि पाने साठ. ताडपत्री सत्तर. त्या सैल सिलिंडरच्या दुरुस्तीला दोनशे. भीमाचा दोन महिन्यांचा पगार एकशेवीस, कारण सरकारचं बिल दीड महिन्याशिवाय निघत नाही हे त्या चार वर्षं सोसत आल्या होत्या. तोवरच्या पेट्रोलला साडेतीनशे.

शेवटची गाठ मारताना त्या थांबल्या. "बैलांच्या वैरणीला दीडशे."

बैल आता कशाला ठेवायचे, विकले तर उलट पैसा येईल, असं योसेफने सुचवलं. त्या हसल्या. मिरजगावपर्यंतचा रस्ता काळ्या रानातून जातो, पावसाळ्यात तिथं ट्रक रुतला की आठ दिवस निघायचा नाही, सडकेपर्यंत पोती गाड्यांनीच न्यावी लागतील, हे त्यांनी त्याला समजावलं. ट्रक आला म्हणून बैल विकणारा आषाढात बोंबलत बसेल.

योसेफने बेरीज केली. पंधराशेवीस. खाली उरले एकोणीसशे ऐंशी. त्याच्या आकड्यापेक्षा तेराशेवीस कमी. कॉलेजात प्रयोगाआधी प्रत्येक संभाव्य चूक लिहून काढा, असं प्राध्यापक कानीकपाळी ओरडून सांगत, आणि मुलं ते प्रयोग झाल्यावर लिहीत. इथे एका बाईने ते प्रयोगाआधी, सुतळीवर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डेपोत जत्रा भरल्यासारखी माणसं होती. पिकलेल्या मिशांचा एक अधिकारी टेबलामागे बसला होता. त्याचा कारकून "सरकारी एक वार" म्हणून ओरडत होता. अकरा नंबरचा ट्रक एकोणतीसशेला गेला. मनकर्णाबाईंनी त्यावर तोंडही उघडलं नाही. दुपारी सतरा नंबर आला. श्रीगोंद्याकडचे बागायतदार काकासाहेब आणि मनकर्णाबाई, दोघंच शेवटपर्यंत उरले.

अठराशे. साडेअठराशे. एकोणीसशे. मनकर्णाबाई म्हणाल्या, एकोणीसशे ऐंशी. काकासाहेबांनी पगडी सारखी केली आणि दोन हजार म्हणाले.

यापुढे यादीत घेण्याजोगा ट्रकच नव्हता. एक डिसेंबरला आठ दिवस उरले होते. योसेफ त्यांच्या कानाशी वाकला. "मावशी, पन्नास रुपयांचा प्रश्न आहे."

"ते पन्नास कुणाच्या गाठीतलं काढू? सांग. भीमाच्या पगारातलं का बैलाच्या तोंडातलं?"

तीन वार झाले. हातोडा पडला. मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि उठल्या. भीमा आणि योसेफ त्यांच्यामागे निघाले.

ते फाटकापर्यंत आले असतील नसतील, तोच मागून गलका झाला. ज्यांनी अनामत भरली होती, त्यांच्या ट्रकमधून शिपाई बॅटऱ्या काढून हातगाडीवर टाकत होते. अकरा नंबरचं जादा चाक जमिनीवरून घरंगळत चाललं होतं. त्याचा नवा मालक त्यामागे हात पसरून धावत होता. काकासाहेबांची अनामत अजून भरायची होती. ते तरातरा टेबलापाशी गेले.

"साहेब, आमी घोडं घेतलं आन् तुमी पाय कापून देता व्हय?"

अधिकाऱ्याने शांतपणे नवव्या कलमावर बोट ठेवलं. काकासाहेब म्हणाले, असली इंग्रजी चुलीत घाला. पाचशे अनामत आत्ता भरा, नाहीतर ट्रक पुन्हा पुकारला जाईल, असं उत्तर आलं. काकासाहेबांनी पाकीट खिशात घातलं आणि डेपोवाल्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढत ते निघून गेले.

सतरा नंबर पुन्हा पुकारला. माणसं आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. ट्रकमधून आणखी काय काय निघणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेली एकच बाई तिथे होती. मनकर्णाबाई फाटकातून परतल्या आणि बाराशेपासून सुरुवात केली. एक भंगारवाला साडेसोळाशेपर्यंत चढला. मनकर्णाबाईंनी सतराशे म्हटलं आणि तो गप्प झाला.

काकासाहेब असे निघून जातील हे त्यांना माहीत होतं का, असं योसेफने वाटेत विचारलं.

"मला काय ठावं? मी घराकडं निघाले हुते की." आणि पुढे म्हणाल्या, "मक्ता गेला असता तर गाड्यांवर दुसरं कायतरी भरलं असतं. गाठी सोडून ट्रक घेतला असता, तर गाड्या बी गेल्या असत्या."

धाडस म्हणजे पुढे जाणं, अशी योसेफची आजवरची समजूत होती.

एक डिसेंबरच्या सकाळी ट्रक कर्जतच्या कचेरीसमोर उभा होता. अंमलदाराने तो चालू करून दाखवायला सांगितलं. भीमाने स्टार्टर दाबला, इंजिन एकदा शिंकलं आणि लागलं. बाईंनी मक्त्यावर अंगठा उठवला. त्याच दिवशी संध्याकाळी जोंधळ्याची ऐंशी पोती नगरच्या गोदामात उतरली.

पहिलं बिल निघालं ते शेहेचाळिसाव्या दिवशी. योसेफने प्रत्येक खर्च वहीत टिपून ठेवला होता. त्याने बेरीज केली आणि धावतच त्यांच्या घरी गेला. धरले होते पंधराशेवीस, लागले पंधराशे एकसष्ट. शेकडा तीनचासुद्धा फरक नव्हता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, विलायती उपकरणं हाताशी असताना, शेकडा पाचाची चूक आली तरी त्याचे प्राध्यापक खूश होत. हे सगळं त्याने एका दमात मनकर्णाबाईंना सांगितलं.

त्या बैलापुढे कडबा टाकत होत्या. त्यांनी पेंढी खाली ठेवली. चेहऱ्यावर आनंदाचं नाव नव्हतं.

"एक्केचाळीस रुपयं चुकलं म्हन की."

"मावशी, अहो ते काहीच नाही."

"काईच न्हाई कसं? पुढल्या साली दुसरा ट्रक घ्यायचा हाय." त्यांनी ओट्यावरची धूळ पदराने झटकली आणि त्याला जागा करून दिली. "बस हितं. पहिल्यापास्नं वाच. कुठं चुकलं ते घावल्याबिगर उठायचं न्हाई."

योसेफ बसला आणि वहीचं पहिलं पान उघडून मोठ्याने वाचू लागला.