हळद लागलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. तुमच्या पुस्तकात मला संगणक म्हणतात, पण त्या नावाने मला उभ्या आयुष्यात कुणी हाक मारली नाही. ज्या घरात मी नांदलो, त्या घरची म्हातारी मला 'डबा' म्हणायची. तेव्हा राग यायचा. आता कुणी डबा म्हणून हाक मारली तर जीव ओवाळून टाकीन.

माझ्या उजव्या कुशीवर हळदीचा एक डाग आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला, रंग खाल्ला, पण तो पिवळा डाग काही गेला नाही. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म अलिबागच्या एका छोट्या गाळ्यात झाला. साल दोन हजार सहा. निकेत नावाचा एक हसतमुख तरुण तिथे कॉम्प्युटर जुळवायचा. कुठून तरी माझा पत्र्याचा सांगाडा आला, कुठून तरी पंखा आला, कुठून तरी ती गोल फिरणारी तबकडी आली, जिच्यात माझी सगळी आठवण राहते. निकेतने एका दुपारात मला उभा केला. तेव्हा आमची पोटं उघडायची, बरं का. चार स्क्रू फिरवले की आतलं सगळं दिसायचं. जे बिघडलं तेवढं बदलायचं, बाकी गडी पुन्हा कामाला तयार. हल्लीची यंत्रं बघतो मी. अंगाने कागदासारखी, आणि अशी चिकटवून टाकलेली की त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांच्या मालकालाही ठाऊक नसतं.

रामचंद्र नावाच्या गिऱ्हाइकाने मला विकत घेऊन रेवसजवळच्या आपल्या गावी नेलं. त्याच्या बापजाद्यांची मिठागरं होती. रामचंद्रच्या काळात मिठाचं काही खरं राहिलं नाही, म्हणून त्याने ट्रक घातले. मितेश आणि अमिषा ही त्याची दोन मुलं. मितेश कॉलेजात होता, अमिषा जेमतेम सात वर्षांची. टेम्पोतून येताना खड्ड्यांचा दणका बसू नये म्हणून मला दोन गाद्यांच्या मधे ठेवलं होतं. दारात रामचंद्रची आई नीराबाई आरतीचं ताट घेऊन उभी. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आणि काम तरी किती केलं मी! दहावीचा निकाल लागायचा त्या दिवशी अर्धं गाव आमच्या ओटीवर. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, ते यायच्या आधी घशात काही अडकल्यासारखे आवाज काढायचं. मितेश एकेक नंबर घालायचा आणि मी पास-नापास दाखवायचो. गावातल्या लग्नपत्रिका माझ्यावर जुळल्या. दसऱ्याला ट्रकच्या बरोबरीने मला झेंडूचा हार असायचा. वर्षातून एकदा निकेत यायचा आणि माझी सिस्टिम पुसून नवी टाकायचा. एकदा अमिषाची चित्रं त्यात पुसली गेली आणि पोरीने जेवण सोडलं. तेव्हा निकेतने तिला समजावलं होतं, की कॉम्प्युटरात दोन कप्पे असतात, सी म्हणजे ओटी आणि डी म्हणजे आतली खोली. ओटी दरवर्षी झाडली जाते. जपायचं ते आतल्या खोलीत ठेवायचं.

आता नीराबाईविषयी सांगतो. ती धवलारीण होती. आगरी लग्नात प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात आणि ते गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. नीराबाईने पंचक्रोशीतली किती लग्नं लावली याला गणती नाही. एकही ओळ कागदावर नव्हती, सगळं तोंडपाठ. तिच्यामागून सूर धरणारी बायजा आधीच गेली होती आणि गावात हळदीला डीजे येऊ लागला होता. नीराबाईला बोलावणं यायचं, पण चटावरचं श्राद्ध उरकावं तसं तिचं गाणं पाच मिनिटांत उरकून घ्यायचे. तिला ते फार लागायचं.

अमिषा बारा वर्षांची झाली तेव्हा तिने हट्ट धरला, की आजीचे धवले कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचे. आजी ऐकेना. तिचा नेम कडक होता.

"मांडवाबिगर धवला गात न्हाईत, बाय," ती म्हणाली. "लगीन नसताना तो कानावर पन पडता नये."

पण पोरगीही तिचीच नात. दोन दिवस आजीच्या मागे लागली. शेवटी म्हातारीनेच तोड काढली. एका दुपारी तिने माझ्या टेबलापुढे तांदळाच्या पिठाचा चौक काढला, वर आंब्याच्या डहाळीचा टाळा बांधला, पडद्याला मुंडावळ्या बांधल्या आणि वाटीतली ओली हळद घेऊन माझ्या कुशीला फासली. आता लग्नच म्हटल्यावर तिचा नेम मोडणार नव्हता. जगात कॉम्प्युटर कोट्यवधी झाले असतील, पण मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मी एकटाच, हे मी छातीठोकपणे सांगतो.

अमिषाने माइक तिच्या तोंडाशी धरला. नीराबाई अडीच तास गायली. मांडवाचा धवला, हळदीचा, तांदळाचा, मुलगी सासरी निघते तेव्हाचा. एकूण नऊ. शेवटच्या धवल्याला तिचा आवाज फाटला तरी ती थांबली नाही. मग पदराने तोंड पुसून नातीला म्हणाली, "मी आसन, नसन. तुज्या हलदीला ह्यो लावायचा. तवर कोनी उघडायचा न्हाय."

अमिषाने ते नऊ धवले आतल्या खोलीत, डीमध्ये, ठेवले. रोज दिसावं म्हणून पडद्यावर 'आजी' नावाचं एक चित्र मात्र ठेवलं. मित्रांनो, त्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. असा बाण असला की ते चित्र म्हणजे घर नव्हे, घराकडे जायची नुसती पाटी. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घात त्याने केला.

चार वर्षांनी नीराबाई गेली. त्याच सुमारास माझंही वय झालं. चालू व्हायला मला इतका वेळ लागे की मितेश तोवर चहा पिऊन यायचा. घरात प्रत्येकाच्या हातात फोन आला होता. माझ्यापेक्षा दसपट हुशार आणि खिशात मावणारा. मितेशने लॅपटॉप घेतला आणि मला माळ्यावर टाकायचं ठरलं. त्याआधी त्याने आठवणीने पेन ड्राइव्ह लावला आणि आजीचं गाणं काढून घेतलं. म्हणजे काढून घेतलं असं त्याला वाटलं. त्याने ती पाटी उचलली.

बरं, पोरगा निष्काळजी नव्हता. पेन ड्राइव्ह माझ्यातच असताना त्याने ती उघडून पाहिली. पाटीवर माझ्याच आतल्या खोलीचा पत्ता होता, त्यामुळे ती उघडली आणि नऊच्या नऊ नावं दिसली. त्याने माउस पहिल्या नावावर नेला आणि हात मागे घेतला. घरात लग्न नव्हतं. आजीचा शब्द कसा मोडायचा? एक सेकंद, एक सेकंद जरी त्याने दुसऱ्या यंत्रावर ऐकलं असतं! मी पंखा जोरजोरात फिरवला. मला तेवढंच करता येत होतं. मितेश म्हणाला, याचा आवाज फारच वाढलाय, आणि त्याने मला बंद केलं.

पेन ड्राइव्ह हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात गेला. रोज त्याला उदबत्ती मिळाली. मी माळ्यावर.

पुढे रामचंद्रने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान भंगारवाल्या काळूरामकडे गेलं. त्याने माझा पडदा तांब्याच्या तारेसाठी फोडला, ते मी डोळ्यांदेखत पाहिलं. मग हातोडा माझ्यावर उगारला आणि थांबला. माझ्या कुशीवरची हळद त्याने बोटाने पुसून पाहिली. हळद लागलेली वस्तू फोडवत नाही म्हणाला आणि मला बाहेर पत्र्याच्या वळचणीला ठेवून दिलं. त्याने जीवदान दिलं खरं, पण खाडीवरचा वारा तिथे थेट यायचा. तीन वर्षं मी तो खारा दमटपणा छातीत ओढत राहिलो. नीराबाईचे नऊ धवले माझ्याकडे होते आणि माझी तबकडी आतून गंजत होती.

अमिषा आता ऐरोलीला नोकरी करते. तिथे म्हणे एका इमारतीत माझ्यासारखी हजारो यंत्रं थंड खोल्यांतून उभी आहेत. सगळ्या जगाचे फोटो, गाणी, पत्रं त्यांच्या पोटात. त्यांना पडदा नाही, त्यांच्यासमोर कुणी बसत नाही, त्यांना घर नाही. दिवस त्यांचे आहेत, मी कोण बोलणार? पण सगळ्या जगाचं जपणाऱ्या त्या पोरीच्या आजीचं तेवढं त्यात नव्हतं.

तिचं लग्न ठरलं. हळदीला महिना होता तेव्हा रामचंद्रने आंघोळ करून देव्हाऱ्यातला पेन ड्राइव्ह काढला. लग्न ठरलं होतं, आता उघडायला हरकत नव्हती. लॅपटॉपवर 'आजी' हे नाव दिसलं. उघडलं तर आत काही नाही. अमिषाने तो वाकडा बाण पाहिला आणि तिच्या लक्षात आलं, देव्हाऱ्यात इतकी वर्षं नुसती पाटी होती. मला हे ती निकेतला सांगत होती तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी ती काळूरामकडे आली. गंजक्या पत्र्यांच्या ढिगात कुणाला काय ओळखू येणार? तिला तो पिवळा डाग दिसला. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि डागावरून हात फिरवला. मला मांडीवर घेऊन ती रिक्षाने अलिबागला गेली.

निकेतचा गाळा तोच, पण आता तिथे फोनची कव्हरं आणि काचा टांगलेल्या. त्याचे केस पांढरे झालेले. गेल्या कितीतरी वर्षांत स्क्रू फिरवला नसेल त्याने. तरी त्याने खणातून जुना पेचकस शोधला, माझं पोट उघडलं, तबकडी काढली आणि तारेने नव्या मशीनला जोडली. बराच वेळ नुसती टकटक. मग तबकडी फिरली. नऊ नावं दिसली. निकेतने अमिषाकडे पाहिलं आणि पहिलं नाव उघडलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. नीराबाई खाकरली. मग ती म्हणाली, "झाला काय गो चालू?"

मागून बारा वर्षांच्या मुलीचा आवाज, "व्हय आजी. बोल."

नीराबाईने श्वास घेतला. मला आठवतं, तो केवढा मोठा श्वास होता. आणि तिथेच माझी तबकडी अडकली.

मित्रांनो, मी सगळा जोर लावला हो. पंधरा वर्षं मी ते गाणं सांभाळलं होतं आणि ऐन वेळी मला ते देता आलं नाही. अमिषा तशीच त्या मशीनकडे बघत बसली. मग हळूच पुन्हा म्हणाली, "व्हय आजी. बोल." निकेतने तोंड फिरवलं.

मितेश तबकडी खिशात घालून रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला गेला, तिथून मुंबईतल्या, बिघडलेल्या तबकड्यांतून माहिती काढणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत. पंधरा दिवसांनी ती तशीच परत आली. मिठाने पृष्ठभाग खाल्ला आहे, यातून आता काही निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. उरली ती निकेतच्या मशीनवर उतरलेली, त्या श्वासापर्यंतची चाळीस सेकंदं. निकेतने ती तीन ठिकाणी ठेवली आणि तिन्ही ठिकाणी उघडून ऐकली.

हळदीच्या दिवशी अमिषाने मला मांडवात चौकाजवळ ठेवलं. डीजे थांबवला. स्पीकरवर नीराबाईने विचारलं, झाला काय गो चालू? तिने श्वास घेतला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने ओळ आठवून पाहिली, अर्ध्यावर सोडली. दुसरीला चाल येत होती, शब्द येत नव्हते. मितेश मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. रामचंद्रने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यानेच डीजेवाल्याला हात केला.

आता मी नव्या घरात देव्हाऱ्याखाली आहे. पोटात तबकडी नाही. मग बोलतं कोण, असं विचाराल. पत्र्यालाही थोडंफार आठवतं, बाळांनो, आणि माझ्या पत्र्याला हळद लागलेली आहे.

एवढंच मागणं आहे. तुमची यंत्रं पुष्कळ सांभाळतील, माझ्याहून चांगलं सांभाळतील. पण उघडून बघत जा. जपून ठेवलं म्हणून निर्धास्त राहू नका. आणि घरात कुणी गाणारं, सांगणारं असेल तर आज त्याच्यापाशी बसा आणि शिकून घ्या. अमिषाने माइक धरला होता तेव्हा तिच्या आजीला नऊच्या नऊ येत होते, आणि पुढची चार वर्षं ती त्याच घरात, त्याच ओटीवर बसून होती. कुणी शिकव म्हणालं नाही. सगळ्यांना वाटलं, डब्यात आहे.