लोकरीचे ठिपके

१९९४ सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. मिरजेच्या एका दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत, सुलाबाई यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकून बसली होती आणि डोळ्यांच्या डॉक्टर विनोदिनीबाई उजेड टाकून तिच्या डोळ्यात बघत होत्या.

सुलाबाई आटपाडीकडच्या धनगरवस्तीवरची. वर्षभर सांधे धरलेले, गालांवर लाल चट्टे, केस मूठमूठ गळत होते. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या चालू केल्या होत्या आणि डोळे दाखवायला इकडे धाडलं होतं.

"आत लोकरीसारखे पांढरे ठिपके आहेत," विनोदिनीबाई म्हणाल्या. पुढे त्यांनी रक्तवाहिन्यांचं समजावलं, गोळ्या चुकवू नका म्हणून बजावलं. पण सुलाबाईचा कान 'लोकर' या शब्दापाशीच अडकला होता. सारा जन्म लोकर कातण्यात गेलेला. तंतू उडायचे, नाकातोंडात जायचे. मग डोळ्यात का नाही जाणार?

घरी येऊन तिनं कातायची चाती आढ्याला खोचून टाकली. लोकर बंद म्हणजे दुखणं बंद; मग गोळ्या तरी कशाला? त्या गोळ्यांनी तोंडही भोपळ्यासारखं सुजलं होतं. पाणवठ्यावर बाया हसायच्या, "सुले, म्हायेरचं तूप लय मानवलं गं!"

सासू हरणाबाईला मात्र हे पटेना. "आगं, मी जलमभर कातली. माझ्या डोळ्यात कुठं मेंढरू बसलंय?"

"तुमचं डोळं दगडाचं हायती, आत्या."

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी तिच्या डाव्या डोळ्यापुढे काळोख आला. नवरा आकाराम कराडकडं शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला गेला होता. निरोप मिळताच कळप चुलतभावाच्या हवाली करून तो आला आणि तिला घेऊन मिरजेला धावला.

विनोदिनीबाईंनी डोळा तपासला. त्यांचा चेहराच उतरला. "गोळ्या घेत होता ना?"

"न्हाई बाई. गोळ्या सोडल्या. लोकर बी सोडली."

"लोकर कशाला?"

"आवं, तुमीच म्हनला न्हवं, डोळ्यात लोकर हाय?"

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "पुस्तकात कापूस लिहिलंय. तुम्हाला समजावं म्हणून मी लोकर म्हणाले. चुकलं माझं."

"कापूस म्हनला असता तर मी देवाच्या वाती वळायच्या सोडल्या असत्या," सुलाबाई म्हणाली. घाबरून बसलेल्या आकारामलाही हसू फुटलं. मग तिनं डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो गेला?"

"गेला."

"आनी ह्यो?"

"हा राखता येईल. नीट ऐका. अंगात रोगाशी लढणारी ताकद असते. तुमची ताकद तुमच्याच अंगावर उलटलीय. त्यानं डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रक्त पोचत नाही तिथं पांढरं दिसतं. बाहेरून आत काही गेलेलं नाही."

सुलाबाईनं विचार केला. "म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढराला चावाय लागलंय."

"अगदी तसं."

"आनी गोळ्या म्हंजी त्याची साखळी. ती मीच सोडली व्हय."

तिनं पुढे विचारलं, "मग कातायला चालतंय न्हवं?"

"खुशाल काता. फक्त उन्हात बसू नका, उन्हानं हे दुखणं वाढतं."

सलाईनमधून औषध घेत ती काही दिवस तिथं राहिली. परत आल्यावर छपराच्या सावलीत बसून एका डोळ्यानं कातू लागली. धागा पहिल्यासारखाच एकसारखा निघायचा. गोळ्यांनी तोंड पुन्हा सुजलं, बाया पुन्हा हसल्या. "हसा," ती म्हणायची. "सुजल्यालं का हुईना, आरशात माझं तोंड मला दिसतंय. लय झालं."

हरणाबाई दुसऱ्या वर्षी गेली. विनोदिनीबाई निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पेशंटला शेवटी विचारायच्या, "मी काय सांगितलं, ते आता तुम्ही मला सांगा." आकारामनं लांबचं हिंडणं सोडलं, कळप चुलतभावाला देऊन घराजवळ चार शेळ्या ठेवल्या. सुलाबाईनं नंतर एकही गोळी चुकवली नाही. तरी दहा-बारा वर्षांनी त्याच दुखण्यानं तिची मूत्रपिंडं थकली. उजवा डोळा मात्र तिनं शेवटपर्यंत राखला. अखेरच्या दिवसांत बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. तेव्हा शेळ्या चारून आलेल्या आकारामला तिनं खुणेनं खाली वाकायला लावलं आणि त्याच्या पटक्यात अडकलेलं गवताचं बारीक कुसळ अलगद काढून टाकलं.