लाल चिठ्ठीची गल्ली

लाँड्रीच्या मागच्या गल्लीत आमची बावीस घरं होती. आम्ही बाहेरून आलेली माणसं. घरात बोलायची भाषा आमची, शाळेत शिकायची तिथल्या लोकांची. आता तिथे गाड्या उभ्या करतात, पण माझ्या डोळ्यांपुढून ती गल्ली काही हलत नाही.

मी दिवसभर उभ्यानं इस्त्री करायची आणि शाळा नसली की माझी तीन पोरं टेबलाखाली बसायची. वर ओल्या कपड्यांची वाफ, खाली त्यांची कुजबुज. गप्प बसावीत म्हणून मी एकेकाच्या गालात साखरेचा खडा सारायची. तो विरघळला की दुसरा. आजही गरम सुती कापडाचा वास आला की टेबलाखालचे ते सहा पाय आठवतात. तेवढं सुख मला पुढे पक्क्या घरातही मिळालं नाही, खरं सांगते.

मधली पोर टिटवी. कागदावर नाव वेगळं होतं, पण तोंड मिटायची नाही म्हणून सगळे टिटवीच म्हणायचे.

ती आठ वर्षांची असताना शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दात चांगले त्याला हिरवी चिठ्ठी, किडके त्याला लाल. आमच्या गल्लीतल्या एकूण एक पोराच्या हातात लाल! दुसऱ्या दिवसापासून शाळेत आमच्या पोरांना ‘लालचिठ्ठे’ म्हणून चिडवायला लागले.

मला अशा मिरच्या झोंबल्या! नळावरच जाहीर केलं, "आपल्या पोरांच्या दातांना काही झालेलं नाही. आपण त्यांच्यातले नाही, म्हणून डाग लावतात. पुन्हा ती डॉक्टरीण आली की पोरं घरी ठेवायची."

"पण वहिनी, माझा थोरला रात्रभर कळवळतो हो," शिंपीण म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकून कळवळत असेल."

सगळ्या खिदळल्या. माझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती होती? डॉक्टरीणबाई त्यानंतर दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा आमचे बाक रिकामे. मी गल्लीतून अशी चालायची, जशी लढाई जिंकून आले.

त्या वर्षात टिटवी हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, शहाणी व्हायला लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई आल्या, त्या दिवशीही पोरं घरीच होती. दुपारी मी टेबलाखाली चहा-पाव दिला. दोघांनी मटकावला. टिटवी मात्र पाव चहात लगदा होईस्तोवर बुडवत होती आणि मान एका बाजूला टाकून तो नुसता गिळत होती. मी वाकून तिची हनुवटी धरली. गाल चटका बसावा इतका तापलेला.

"कधीपासून गं?"

"सुट्टीच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? तुझी आई आहे की शेजारीण?"

"तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना, आपल्या दातांना काही झालेलं नाही म्हणून," ती म्हणाली. "मग तू खोटी पडली असतीस."

मी इस्त्री बंद केली. धाकट्याला थोरल्याच्या हवाली केलं, टिटवीला कडेवर घेतलं आणि गल्लीच्या मधोमध निघाले. नळावर सगळ्या होत्याच.

"कुठे हो, वहिनी?"

"शाळेत. दातांच्या डॉक्टरिणीकडे."

"अगं बाई! तुम्हीच तर म्हणाला होतात—"

"म्हणाले होते. चुकीचं म्हणाले होते. आता आपापली पोरं घेऊन मागे या, नाहीतर तिथेच उभ्या राहून माझी गंमत बघा."

डॉक्टरीणबाई आवराआवर करत होत्या. टिटवीचा गाल बघून त्यांनी पिशवी पुन्हा उघडली. मोडकंतोडकं, पण आमच्या भाषेत त्यांनी विचारलं, "गोड किती खाते?"

मी टेबलाखालचं सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला सोलून काढणार. त्या एवढंच म्हणाल्या, "दाढ काढावी लागेल. पक्की आहे, पुन्हा येणार नाही."

मी टिटवीला खुर्चीत बसवलं. दारात कुजबुज झाली म्हणून बघितलं, तर शिंपीण थोरल्याला दंडाला धरून उभी, आणि तिच्या मागे गल्लीतल्या आणखी चौघी-पाचजणी.

टिटवीनं ओठ घट्ट मिटले होते. डॉक्टरीणबाईंकडे ती बघेचना. माझ्याकडे बघत मिटल्या तोंडानंच पुटपुटली, "आई, दुखेल?"

नाही म्हणायला जीभ शिवशिवली.

"दुखेल," मी म्हणाले. "बरंच दुखेल. मग थांबेल."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि तोंड उघडलं.