तिसरा नकार

नाताळच्या आदल्या संध्याकाळी येशूचे आईबाप मारिया आणि होसे यांच्या मातीच्या मूर्ती घेऊन सगळा गाव आसरा मागत दारोदार गात फिरतो. शेवटच्या दारी आतल्यांनी गाण्यातच दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा कडी काढायची. मग मूर्ती आत घ्यायच्या आणि सगळ्यांना पोंचे, म्हणजे फळांचा गरम काढा पाजायचा. यंदा शेवटचं दार तोमासाचं होतं. पाद्रींच्या मागे लागून तिने ते मागून घेतलं होतं. गावाला वाटलं, म्हातारीला भक्ती सुचली. कसली भक्ती! तिला वचपा काढायचा होता.

मूर्ती धरायचा मान एरवी ऑब्दुलियाचा; गाव तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब म्हणायचा, कारण गावातलं मोठं घर तिचं. तोमासाची मुलगी हसिंता तिथे धुणीभांडी करायची. दोन वर्षांमागे मात्र शेवटचं दार ऑब्दुलियाचं होतं, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी हसिंताला कळा सुरू झाल्या. पाहुणे यायचेत म्हणून ऑब्दुलियाने तिला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि पुढच्या दाराने मातीच्या मारियेला वाजतगाजत आत घेतलं. हसिंता कशीबशी आईच्या शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत पोचली. बाळ तिथेच जन्मलं आणि थंडीने तिथेच गेलं.

बाहेर गाणं सुरू झालं. तोमासाने आतून एकदा नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच म्हटल्यावर बाहेर कोणीतरी हसलं. म्हातारी कडवं विसरली असं त्यांना वाटलं. त्यांनी पुन्हा गायलं. पुन्हा नाही. मग हसू थांबलं, गाणंही थांबलं.

"तोमासा, उघड गं," ऑब्दुलिया म्हणाली. "हात गारठलेत माझे."

"जागा नाही, दोन्या. पाहुणे यायचेत."

हे शब्द कोणाचे, ते गावाला ठाऊक होतं.

"मग मी कुठे जाऊ?"

"मागून या. गोठ्यातून. माझी पोर आली होती तशी."

बाई फणकाऱ्याने निघून जाईल आणि गावात तिची छीथू होईल, अशी तोमासाची खात्री होती. पण ती कंदील घेऊन मागे गेली तर ऑब्दुलिया खरंच वाकून गोठ्यात शिरत होती. तिचा भारीतला घागरा लेंड्यांतून लोळत होता. तोमासाला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"इथंच का?" ऑब्दुलियाने विचारलं आणि मूर्ती छातीशी धरून ती गुडघ्यांवर बसली. तिला रडू फुटलं. तोमासाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडायचा मानही हिलाच?

"घासा नाक," ती म्हणाली. "माझा नातू त्याने उठायचा नाही."

हसिंता घरातून येऊन आईच्या मागे उभी होती. त्या दिवसानंतर तिने गोठ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. तिने ऑब्दुलियाच्या हातातल्या मूर्ती घेतल्या आणि गवतावर ठेवल्या.

"आई, पुढचं दार उघड."

"हिच्यासाठी?"

"माझ्या बाळासाठी. देवाने जन्माला यायला असलाच गोठा निवडला ना? तू त्या गोठ्यालाच शिक्षा बनवलंस. माझं बाळ शिक्षेच्या जागी जन्मलेलं नाही."

तोमासाने जाऊन कडी काढली. गाव मुकाट्याने आत आला, सगळ्यांत शेवटी ऑब्दुलिया. तोमासाने पोंचेचा पेला भरून तिच्यापुढे धरला.

"माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण पी. गारठली आहेस तू."